साडूंचा उलटा कॉम्प्युटर

दुकानातला जुना कॉम्प्युटर साडूला द्यायचं झेरॉक्सवाल्याने कबूल केलं, तेव्हा बायकोने पहिला प्रश्न विचारला, "त्यात काय घालणार आहात?"

"काय म्हणजे? असतं तेच. टायपिंग, कॅलेंडर, पत्ते."

"मी तुमच्याशी बावीस वर्षं संसार केलाय," ती म्हणाली. "या वेळी काही नको. कशासाठी हवाय ते विचारू नका, नुसता साफ करून द्या."

आता, झेरॉक्सवाल्याला एखादी गोष्ट करू नका म्हणणं म्हणजे मांजराला दुधाच्या पातेल्याची राखण सांगणं. कचेऱ्यांच्या आवाराबाहेर त्याचं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान होतं. आवारातल्या प्रत्येक माणसाने एकदा तरी त्याच्या हातून मामा बनून घेतलं होतं. तरी माणसं तिथेच जात, कारण काम चोख असायचं आणि उद्या दुसऱ्याची फजिती होणार ती बघायला मिळायची.

पण त्याचं आवडतं गिऱ्हाईक एकच. साडू. मेहुणीचा नवरा. पंपांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअरकीपर, उभा-आडवा शिस्तीचा माणूस. हाताला लागलेला नट डोळे मिटून चाचपायचा आणि कुठल्या खणातला ते सांगायचा. कागदावर छापलेलं सगळं त्याला खरं वाटायचं. एकदा झेरॉक्सवाल्याने नगरपालिकेच्या नावाने पत्र छापून पाठवलं, की आपल्या गॅलरीच्या सावलीची लांबी दिवसातून तीनदा मोजून कळवावी. साडूने आठवडाभर मोजली. तक्ता केला, ढगाळ दिवशी "सावली आढळली नाही" असा शेरा मारला आणि नगरपालिकेत नेऊन दिला. तिथल्या कारकुनाने पोच दिली. खोडी उघडी पडली तेव्हा साडू रागावला नाही, हसलाही नाही. "असं होय," म्हणाला आणि पोच फाइलला लावली.

त्या थंड चेहऱ्यानेच झेरॉक्सवाल्याची झोप उडवली होती. माणसाने निदान चिडावं तरी.

कॉम्प्युटर मात्र त्याने जीव लावून तयार केला. डबा उघडला, आत आठ वर्षांची धूळ होती, तिच्यात कुणाच्या तरी स्टेपलरच्या पिना सापडल्या. ती ब्रशने झाडली. जुन्या टूथब्रशने एकेक बटण घासलं. गिऱ्हाइकांचे अर्ज, बायोडेटा, लग्नपत्रिका, राजीनामे, राजीनामे मागे घेण्याचे अर्ज, सगळं पुसून टाकलं. साडूला चष्मा लागतो म्हणून अक्षरं मोठी केली. पंखा घरघरत होता, त्याला तेलाचा थेंब दिला. की-बोर्डवरची झिजलेली अक्षरं पांढऱ्या रंगाने हाताने पुन्हा काढली. इतकं निगुतीने तर त्याने स्वतःच्या पोरीची सायकलही कधी पुसली नव्हती.

आणि मग, सगळं लख्ख झाल्यावर, त्याने दुकानाचं अर्धं शटर ओढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि तीन गोष्टी घातल्या.

पहिली, माउस. एक छोटा प्रोग्राम टाकला, की माउस उजवीकडे सरकवला तर पडद्यावरचा बाण डावीकडे जाणार, वर नेला तर खाली येणार. डाव्या बटणाचं काम उजव्याला, उजव्याचं डाव्याला. दुसरी, खोकला. स्वतःचाच खोकला रेकॉर्ड करून बसवला. दर अर्ध्या तासाने कॉम्प्युटर म्हाताऱ्यासारखा खोकणार आणि चौकट येणार: मी दमलो आहे, पाच मिनिटं वारा घाला. तिसरी, बंद करताना. बंद करायला गेलं की तो विचारणार, घरात विचारलंत का? खाली दोन बटणं. एक "हो" आणि एक "विचारून येतो". "हो" दाबलं की पुन्हा विचारणार, खरंच?

दोन दिवसांत साडूचा फोन येईल, मग आपण जाऊ, दोन मिनिटांत सगळं काढू, चहा पिऊ, मेहुणी चार शब्द सुनावेल, असा त्याचा हिशेब होता. कॉम्प्युटर रिक्षात घालून त्याने स्वतः नेऊन दिला, जोडून दिला आणि चालू करायचं बटण दाखवून पाय लावून पळाला.

फोन आला नाही. दोन दिवस गेले, चार गेले, आठवडा गेला. झेरॉक्सवाला दुकानात असेल तर घरी विचारायचा, घरी असेल तर दुकानात बघायचा, फोन आला का. बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुझी बहीण काय म्हणतेय. बहीण मजेत होती. कॉम्प्युटर? छान चाललाय म्हणे. सुरुंग लावून लांब उभं राहावं, कानात बोटं घालावी आणि नुसतीच शांतता पसरावी, तसं त्याचं झालं. पंधराव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्याला राहवेना. तो उठून साडूच्या घरी गेला.

साडू खिडकीपाशी टेबलाला बसला होता. पाठ ताठ, बाह्या दुमडलेल्या. शेजारी टेबलफॅन, पण त्याचं तोंड साडूकडे नव्हतं, कॉम्प्युटरकडे होतं. आणि पडद्यावर बाण असा पळत होता की झेरॉक्सवाला दारातच थबकला. साडूचा हात डावीकडे जाई, बाण उजवीकडे. हात खाली, बाण वर. एकदाही चुकत नव्हता. उजवं बटण टकटक वाजत होतं.

"या भाऊ," साडू मागे न बघता म्हणाला. "एवढी स्लिप संपवतो."

तेवढ्यात कॉम्प्युटर खोकला. साडूने शांतपणे हात काढून घेतले, पंख्याचा वेग एकने वाढवला आणि घड्याळात पाहिलं. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. या वेळेत त्याने पाहुण्याला आपली वही दाखवली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर शीर्षक, "संगणक: वापर व काळजी". खाली क्रमांक घालून लिहिलेलं. बाण हाताच्या विरुद्ध दिशेने चालतो, होडीचे सुकाणू वळवतात तसे समजावे. मुख्य बटण उजवे. यंत्राला दर अर्ध्या तासाने धाप लागते, वारा द्यावा, घाई करू नये. बंद करण्यापूर्वी घरात विचारणे बंधनकारक.

झेरॉक्सवाल्याला हसू फुटायला हवं होतं. पंधरा दिवस तो या क्षणाचीच वाट बघत होता. ओठ हललेही. पण वहीची पुढची पानं त्याने उलटली आणि तिथे नुसते आकडे होते. तारीख, आणि एका स्लिपला लागलेली मिनिटं. पहिल्या दिवशी बावीस. मग एकोणीस. मग सोळा. शेवटच्या ओळीला एक मिनिट दहा सेकंद.

त्याने विचारलं, की हे कशासाठी. आणि साडूने, जे मेहुणीने बहिणीला शपथ घालून सांगितलं होतं ते, आपल्या सरळ आवाजात सांगून टाकलं. कारखान्याने वह्या बंद केल्या होत्या. स्टोअरचं सगळं आता कॉम्प्युटरवर. पाच स्टोअरकीपर, पाचांची परीक्षा. पाऊण तासात माल दिल्या-घेतल्याच्या तीस स्लिपा भरायच्या, नमुना घरी सरावाला दिला होता. जो भरेल त्याचं स्टोअर त्याच्याकडे, जो भरणार नाही त्याने गेटवर उभं राहून ट्रकचे नंबर टिपायचे, निवृत्त होईपर्यंत. तुम्हाला आधी सांगितलं नाही, साडू म्हणाला, कारण नापास झालो असतो तर तुमच्यासमोर मान खाली गेली असती.

"परीक्षा कधी?"

"बुधवारी."

"कुठल्या कॉम्प्युटरवर?"

"त्यांच्याच. कारखान्यात नवे आणलेत." साडूने पंख्याचा वेग कमी केला, पाच मिनिटं झाली होती. "तुमचे उपकार आहेत. घरी सराव झाला नसता तर मी संपलो होतो."

झेरॉक्सवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. जगातला एकच कॉम्प्युटर असा उलटा होता आणि जगातला एकच माणूस त्यावर पंधरा दिवस घाम गाळून तरबेज झाला होता. बुधवारी कारखान्यात तो हात डावीकडे नेणार, बाण डावीकडेच जाणार आणि सव्वीस वर्षांचं स्टोअर बाणाबरोबर पडद्याबाहेर जाणार.

आजवर खोडी उघडी करायची म्हणजे त्याचा सण असायचा. टाळ्या वाजवून, मांडीवर थाप मारून तो सांगायचा. त्या दिवशी त्याने खुर्ची ओढली, बसला, उठला, पुन्हा बसला. खिडकीबाहेर बघत बघत, मधले शब्द गिळत, एकदाचं सगळं सांगितलं. माउसचं, खोकल्याचं, घरात विचारायचं. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. मेहुणी दारात येऊन उभी राहिली होती.

साडू "असं होय" म्हणाला नाही. वही मिटून त्याने टेबलाच्या कडेला समांतर ठेवली.

"पहिले चार दिवस मी रडकुंडीला आलो होतो," तो म्हणाला. "हिला विचारा. मला वाटलं, मीच मठ्ठ. वय झालं, डोकं चालत नाही. तुम्ही दिलेल्या वस्तूत खोट असेल, हे एकदाही मनात आलं नाही."

एवढंच. आवाजही चढला नाही. झेरॉक्सवाल्याला वाटलं, त्यापेक्षा याने दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याची भरपाई मेहुणीने केली. ती काय काय बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही, पण तिने त्याच्या जन्मापासून सुरुवात केली आणि कुठलंही वर्ष सोडलं नाही.

मग त्याने घाईघाईने सगळं सरळ केलं. खोकला काढला, माउसचा प्रोग्राम काढला. तिसरी गोष्ट काढायला गेला तेव्हा मेहुणी म्हणाली, "ते राहू द्या, भावोजी." रोज संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन "बंद करू का?" असं विचारत होते. लग्नाला वीस वर्षं झाली, कुठलीच गोष्ट विचारून केली नाही, ही एक तरी विचारतात. ती राहिली.

कॉम्प्युटर सरळ झाला आणि साडू वाकडा झाला. बाण कोपऱ्यात जाऊन अडकायचा. एक मिनिट दहा सेकंदांची स्लिप पाच मिनिटांवर गेली. हात शिकलेलं विसरायला तयार नव्हता. दुपारपर्यंत सहा स्लिपा झाल्या, त्यातल्या दोन पुसल्या गेल्या. साडू चष्मा काढून पुसत बसला, तो पुसतच राहिला.

झेरॉक्सवाल्याचं डोकं मात्र भलत्या वेगाने धावत होतं. कारखान्यात रजिस्टरं पोचवायच्या निमित्ताने शिरतो आणि तुमच्या जागेवरच्या कॉम्प्युटरवर तोच प्रोग्राम टाकतो. नको. वीज घालवतो, परीक्षाच पुढे जाईल. नको. हाताला प्लास्टर घालू, माझा एक ओळखीचा कंपाउंडर आहे. साडूने प्रत्येक वेळी मान हलवली.

"तुम्ही काही करायचं नाही," तो म्हणाला. "माझी एवढीच अट. बुधवारपर्यंत तुम्ही काहीही करायचं नाही."

ही अट झेरॉक्सवाल्याला फाशीहून कठीण होती. तो खुर्चीत हात मांड्यांखाली दाबून बसला.

साडू माउसकडे बघत होता. बराच वेळ. स्टोअरमध्ये एखादं झाकण बसेना झालं की तो ठोकत नसे, वंगण शोधत नसे. हातात धरून नुसता बघायचा, मग फिरवून लावायचा. आताही त्याने तेच केलं. माउस उचलला आणि सबंध फिरवून टेबलावर ठेवला. शेपटी स्वतःच्या पोटाकडे, पाठ पडद्याकडे. मग सवयीप्रमाणे हात डावीकडे नेला.

बाण उजवीकडे गेला.

हात खाली. बाण वर. फिरवल्यामुळे बटणंही आपोआप अदलाबदल झाली होती. डावं होतं ते उजव्या बाजूला आलं. फक्त ती आता मनगटाखाली होती, बोट पोचत नव्हतं. साडूने डावा हात आणला आणि त्याच्या तर्जनीने दाबलं. टक. एखाद्या बेडकाला दोन्ही हातांनी धरून त्याचं पोट तपासावं तसं दिसत होतं ते. पण स्लिप भरली गेली.

"दीड मिनिट," मेहुणीने घड्याळ बघून सांगितलं. ती कधी येऊन बसली होती कुणास ठाऊक.

संध्याकाळपर्यंत एक मिनिट वीस सेकंद झाले. झेरॉक्सवाला हात मांड्यांखाली ठेवून बसून होता. त्याने आयुष्यात शंभर यंत्रांच्या शंभर खोड्या केल्या असतील, पण हे त्याला सुचलं नव्हतं.

बुधवारी सकाळी दुकान बंद ठेवून तो कारखान्याच्या गेटसमोर जाऊन उभा राहिला. काही करायला नाही, नुसता उभा. बायको बरोबर आली होती. नवऱ्यावर पाळत ठेवायला की बहिणीच्या नवऱ्याची काळजी म्हणून, ते तिने सांगितलं नाही. रविवारपासून ती त्याच्याशी फक्त भाजी काय आणायची एवढंच बोलत होती. गेटवर एक माणूस उन्हात उभा राहून येणाऱ्या ट्रकचे नंबर टिपत होता. प्रत्येक ट्रक धूळ उडवून जाई, मग तो पेन झटकी आणि पुढचा नंबर घेई. झेरॉक्सवाल्याने त्याच्याकडे तासभर पाहिलं. त्याच्या जागी ताठ पाठीचा, दुमडलेल्या बाह्यांचा साडू दिसायला लागला, तेव्हा त्याने तोंड फिरवलं.

"मी पुन्हा कधी त्यांच्या वाटेला जाणार नाही," तो बायकोला म्हणाला.

"हे तुम्ही मला सांगू नका."

साडेअकराला साडू बाहेर आला. डबा हातात, चाल नेहमीची. चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती, ती कधीच नव्हती. जवळ येऊन त्याने आधी रुमालाने मान पुसली.

तीस स्लिपा झाल्या होत्या. सहा मिनिटं उरली होती, तेवढ्यात त्याने तीसच्या तीस पुन्हा तपासल्या. एका वॉशरचा खण चुकला होता, तो दुरुस्त केला. परीक्षा घेणारी बाई त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने विचारलं, की माउस असा का धरलाय. तो म्हणाला, मी असाच शिकलो. ती थोडा वेळ बघत राहिली, मग बाकीच्यांकडे पाहिलं. त्यांचे माउस सरळ होते आणि एकाच्याही बारापेक्षा जास्त स्लिपा झाल्या नव्हत्या. तिने काही टिपून घेतलं आणि पुढे गेली. स्टोअर त्याच्याकडे राहिलं होतं.

झेरॉक्सवाल्याच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. झेरॉक्सवाला पुढे झाला.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "माझं चुकलं. गंमत म्हणून नाही म्हणत. खरंच चुकलं."

साडूने मान डोलावली. रुमालाची घडी केली, खिशात ठेवला, वरून थोपटला.

"बाकीचे चौघे नापास झाले," तो म्हणाला. "बाईंनी त्यांना महिन्याची मुदत दिली. मला विचारलं, तुम्हाला कुणी शिकवलं. मी तुमचं नाव सांगितलं, दुकानाचा पत्ता पण दिला. दर रविवारी सकाळी नऊला चौघे तुमच्याकडे येतील. तुम्ही शिकवायचं."

"मी?"

"मी हो सांगून टाकलं. तुम्हाला विचारायचं राहिलं."

"आणि नापास झाले तर?"

"तर चौघे गेटवर जातील. मग रोज तुमच्या दुकानावरून येतील-जातील." साडूने डबा दुसऱ्या हातात घेतला. "मीही येणार आहे. कोपऱ्यात बसेन. तुमच्या हातांकडे लक्ष ठेवायला."

झेरॉक्सवाल्याने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चार रविवार. चार धास्तावलेले स्टोअरकीपर, दुकानातले कॉम्प्युटर, आणि एकातही खोडी घालायची सोय नाही. चेहरा होता तसाच होता, सपाट, वॉशरसारखा. पण डाव्या डोळ्याच्या कडेला काहीतरी हललं. धूळ गेली असेल, नुकताच ट्रक गेला होता. वीस वर्षं तो हा चेहरा वाचायला धडपडत होता, आणि आता पहिल्यांदा काहीतरी लिहिलं गेलं होतं तर त्याला ते लागेना.

"तुम्ही हे मुद्दाम केलंत," तो म्हणाला. "केलंत ना?"

साडू बस कुठली ते बघायला पुढे झाला होता. झेरॉक्सवाल्याची बायको मात्र रविवारनंतर पहिल्यांदा हसली. हसता हसता तिला कारखान्याच्या कुंपणाला धरून उभं राहावं लागलं, आणि गेटवरच्या माणसाने ट्रकचा नंबर अर्धा सोडून वळून पाहिलं.